साळवे सिस्टरांची मध्यस्थी

उपदेश चालू असताना मागून कात्रीचा आवाज येत असे. चिंचवड स्टेशनजवळच्या त्या चर्चमधल्या लोकांना त्याची सवय होती. नवखा माणूस मात्र मान वळवून बघायचा. मागे साळवे सिस्टर जखमेवर ठेवायच्या जाळीच्या कापडाचे चौकोन कापत असत. एक पिशवी रिकामी होत असे, दुसरी भरत असे. एकदा पाळकसाहेबांनी त्यांना उपासनेनंतर हळूच विचारलं, "सिस्टर, उपदेशाकडे लक्ष असतं ना?" त्या म्हणाल्या, "कान उपदेशाकडेच आहेत, हात रिकामे कशाला ठेवू?"

उपदेश संपला की पाळकसाहेब "मध्यस्थीची प्रार्थना" एवढंच म्हणून बाजूला होत. मग सिस्टर कात्री खाली ठेवून, निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन भराभर पुढे येत. मध्यस्थीची प्रार्थना म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाला केलेली विनंती. बहुतेक चर्चमध्ये ती आजारी, प्रवासी, विधवा, राज्यकर्ते अशा ठरलेल्या क्रमाने जाते. मी सिस्टरांची पहिल्यांदा ऐकली ती अशी होती:

"हे प्रभू, दत्ता. वय सव्वीस. तळवडे. पत्रा दाबायचा पॉवर प्रेस. दुसरी शिफ्ट, सुटायला अर्धा तास असताना. उजव्या हाताची दोन बोटं, मधल्या पेरापासून. गाव मराठवाड्यात, लोह्याकडचं. आईला अजून कळवलेलं नाही. त्याच्यासाठी आम्ही तुला विनवतो."

मंडळी म्हणाली, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

"हे प्रभू, राजेश. चाकण. ग्राइंडरचं चाक फुटलं. डावा डोळा. चष्मा दिलेला नव्हता. त्याच्यासाठी तुला विनवतो."

अशी पाच नावं झाली. मी नाताळच्या पुरवणीसाठी शहरातल्या चर्चवर लेख करायला गेलो होतो. सजावट, केक आणि गायनमंडळ अशी यादी मनाशी तयार होती. माझ्या धंद्यात पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कुठे, केव्हा हे यावं लागतं, आणि तसं लिहायला मला बरीच वर्षं लागली होती. ही बाई ते प्रार्थनेत करत होती.

उपासनेनंतर मी त्यांना विचारलं, "एवढा तपशील कशाला? देवाला ठाऊक असेलच ना?"

"पाळकसाहेबपण हेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "देवाला असेल. बाकांवर बसलेत त्यांना कुठं आहे?"

साळवे सिस्टर सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. माहेर जालन्याकडचं. नवरा इथल्याच एका कारखान्यात होता, तो वारला. मुलगी लग्न होऊन नाशिकला. चिंचवडच्या एका सोसायटीत दोन खोल्यांत त्या एकट्या राहत आणि जुन्या स्कूटरवर फिरत. यापलीकडे त्यांनी स्वतःबद्दल काही सांगितलं नाही, आणि विचारलं की त्या उठून पाणी आणायला जात. चहा उभ्यानेच पीत. समोरचा माणूस बोलत असताना त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण, टेबलावरचा वाकडा पेन, खिडकीची उघडी कडी यांतलं काहीतरी त्या सरळ करत असत. 'बिचारा' हा शब्द त्यांना चालत नसे. भगिनी मंडळातलं कुणी "बिचारा पोरगा" म्हणालं की त्या म्हणत, "बिचारा म्हटलं की आपलं काम संपतं. नाव काय त्याचं?"

उपासना संपली की चर्चच्या मागच्या हॉलमध्ये अकरा ते एक सिस्टरांचं ड्रेसिंगचं टेबल लागे. येणारे बहुतेक मराठवाड्यातून आलेले, थेरगाव-तळवड्याच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारे हिंदू कामगार. रविवारची सुट्टी आणि फुकट पट्टी, दोन्ही एकाच ठिकाणी मिळत. चर्चच्या दारात चपला काढून, आत वेदीकडे बघून हात जोडून ते मागे जात. येशूला हात जोडावेत का, हा प्रश्न त्यांना कधी पडलेला मी पाहिला नाही.

सिस्टरांच्या वहीत जखमेच्या दोन नोंदी असत. एक माणसानं सांगितलेली, दुसरी त्यांना दिसलेली. दोन्हींत अंतर का पडतं, ते मला एका रविवारी त्या टेबलापाशी कळलं. तिशीचा एक माणूस हात पुढे करून बसला होता.

"कशानं लागलं?"

"घरी, सिस्टर. मिक्सरमधी बोट गेलं."

"काय वाटत होतास?"

"चटणी."

"कसली?"

तो थोडा थांबला. "शेंगदाण्याची."

"खोलीत किती जण राहता?"

"सहा."

"जेवायला?"

"डबा हाय की."

"मिक्सर कुणाचा?"

रांगेतले दोघे-तिघे हसायला लागले. त्यातला एक म्हणाला, "सिस्टर, त्येच्या खोलीत लाइटीचं बटनच एक हाय, ह्यो मिक्सर लावतोय कुठं?"

माणूसही हसला. मग हसू गेलं. "ठेकेदार म्हणला, मिक्सर सांग. न्हाईतर उद्यापासून येऊ नको."

"चिंचवडच्या दुकानांत विकले जात नसतील एवढे मिक्सर माझ्या वहीत आहेत," सिस्टर म्हणाल्या. तोवर त्यांनी जुनी पट्टी सोडवलीही होती. "आता खरं सांग. कोणत्या मशीनवर? किती वाजता?"

या घरगुती मिक्सरचा अर्थ त्यांनी मला पट्टी बांधता बांधता सांगितला. कारखान्यात काम करताना बोट गेलं असेल, तर मालकानं तसा अपघाताचा अहवाल लेखी द्यायचा असतो. तो असला तर कामगार विम्यातून त्या माणसाला पुढे दरमहा काही मिळत राहतं. केसपेपरवर 'घरी' आलं की सगळं तिथंच मिटतं.

मी म्हटलं, प्रार्थनेत कंपन्यांची नावंही घ्या. त्या म्हणाल्या, "ते नाही करत. कंपनीचं नाव घेतलं की तिची तक्रार होते. तक्रारीची जागा वेगळी. इथं माणसाचं नाव आणि त्याला काय झालं, एवढंच." हा त्यांचा नियम होता. तो पुरेसा आहे असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटलं होतं.

मुक्ता हिंगोलीकडची, तिशीतली. नवरा रंगकाम करायचा. ती आणि तिची नणंद तळवड्यातल्या एका वर्कशॉपमध्ये जात. नणंद पॅकिंगला होती. मुक्ताला हेल्पर म्हणून घेतलं आणि दोन दिवसांत प्रेसवर बसवलं. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. खासगी दवाखान्यातल्या केसपेपरवर घरचा अपघात असं आलं. ती टेबलापाशी आली तेव्हा सिस्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "तुझ्यासाठी प्रार्थना करू का?"

"करा की," मुक्ता म्हणाली. "देव कोन्ता बी असू द्या, ऐकलं म्हंजी झालं."

पुढच्या रविवारी मी तिथं नव्हतो. काय झालं ते पाळकसाहेबांनी नंतर सांगितलं. सिस्टर पुढे आल्या आणि म्हणाल्या, "हे प्रभू, मुक्ता. वय तीस. तळवडे. दाराजवळचा निळा प्रेस. हात मध्ये आला की मशीन थांबवणारा सेन्सर काढून ठेवलेला. डाव्या हाताची तीन बोटं. केसपेपरवर घरचा अपघात. तिच्यासाठी तुला विनवतो." मंडळी म्हणाली, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." दुसऱ्या रांगेत बसलेले रणदिवेही ते म्हणाले. तो निळा प्रेस त्यांचा होता.

रणदिवे चर्चच्या कमिटीवर होते. लेथवर कामगार म्हणून सुरुवात करून त्यांनी स्वतःचं वर्कशॉप उभं केलं होतं. हॉलमधले पंखे त्यांनी बसवून दिलेले. सिस्टर ज्या कापडाचे चौकोन कापत, त्याचे गठ्ठेही दर महिन्याला त्यांच्याच गाडीतून येत. मुक्ता त्यांच्याच वर्कशॉपमध्ये होती, हे सिस्टरांना ठाऊक नव्हतं. कंपनीचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्या ते विचारतही नसत.

सोमवारी मुक्ताच्या नणंदेला गेटवर थांबवलं. मुक्तालाही हात बरा झाल्यावर येऊ नको, असा निरोप मिळाला. मंगळवारी सकाळी मुक्ता सिस्टरांच्या दारात होती.

"सिस्टर, तुमी देवाला सांगितलं का मालकाला?"

"देवालाच," सिस्टर म्हणाल्या.

"मंग मालकाला कसं कळलं? नणंदबी काढली. तिचं तर बोटबी नाई गेलं." मालकाचं नाव सिस्टरांनी त्या वेळी पहिल्यांदा विचारलं.

त्याच दिवशी दुपारी सिस्टर आमच्या पिंपरीच्या कार्यालयात आल्या. खुर्ची दिली ती त्यांनी बाजूला सरकवली. टेबलावरचे अंक एकावर एक रचत त्यांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "पेपरवाले, तुम्ही बातमीत माणूस झाकता तो कसा?"

मी सांगितलं, नाव बदलतो. गाव गाळतो. 'एका खासगी कंपनीत' असं लिहितो.

"मशीन?"

"तेही मोघम."

"मग उरतं काय?"

मी म्हटलं, हे छापूया. त्या म्हणाल्या, "छापलंत तर ते वकील लावतील, आणि मुक्ताचा कागद अडकून पडेल. मला बातमी नको. ती बाई प्रेसवर होती, एवढं रणदिव्यांच्या सहीनं पाहिजे. नाहीतर तिची बोटं जन्मभर मिक्सरमध्येच राहतील."

रणदिवे त्यांना चर्चच्या आवारात भेटले. पाळकसाहेब तिथंच होते.

"सिस्टर, भर मंडळीत माझी अब्रू घेतलीत."

"तुमचं नाव घेतलं नाही मी."

"निळा प्रेस म्हणालात. आपल्या मंडळीत तळवड्याला निळा प्रेस दुसरा कुणाचा आहे?"

"मला ठाऊक नव्हतं."

"विचारायचं होतंत."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "आणि विचारलं असतं तर तिचं काम जाऊ नये म्हणून मी गप्प बसले असते का, हे मला अजून समजत नाहीये. तुम्ही अहवाल द्या, रणदिवेसाहेब."

"सेन्सर लावून माल वेळेत निघत नाही. माल घेणारी वरची कंपनी तासभर थांबत नाही, तुम्हाला काय माहीत? चाळीस घरं चालतात त्यावर."

"एकेचाळिसावं पण चालू द्या."

रणदिवे गाडीत बसले. काच वर केली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. एकेक रांग उठून वेदीसमोर गुडघे टेकते, पाळक प्रत्येकाच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवतात. द्राक्षरसाच्या छोट्या प्याल्यांचा ट्रे धरून त्यांच्यामागे कमिटीचा एक सभासद चालतो. तो ट्रे कित्येक वर्षं रणदिवे धरत. त्या रविवारी सिस्टरांची रांग उठली आणि सिस्टर जागेवर राहिल्या. लोकांना वाटलं, पाय दुखत असेल. पाळकसाहेब तुकडा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी मान हलवली.

भगिनी मंडळात लगेच चर्चा झाली. "सिस्टर रुसल्या." एकजण तर तोंडावर म्हणाली, "अहो, देवावर कसला रुसवा?"

"देवावर नाही. माझ्या तोंडातून गेलेल्या शब्दांनी दोन बायांचं काम गेलं. ते तसंच ठेवून मी तिथं हात कसा पसरू?"

"तिची माफी मागितलीत ना?" पाळकसाहेब म्हणाले.

"मागितली. तिनं दिलीपण. कागद कुठं आहे?"

दुसऱ्या महिन्यातही त्या उठल्या नाहीत. मधल्या काळात त्या स्कूटरवर मुक्ताला मागे बसवून विम्याच्या कार्यालयात गेल्या, तिथून दवाखान्यात, तिथून पुन्हा कार्यालयात. सगळीकडे एकच उत्तर मिळे: मालकाचा अहवाल आणा. मुक्ताच्या नवऱ्यानं गावी परत जायचं काढलं होतं. मुक्ता म्हणायची, "गावाकडं जाऊन करू काय? एका हातानं कापूस येचू का?" प्रार्थनेत सिस्टर आता फक्त नावं वाचत. दत्ता. राजेश. सुरेखा. नाव झालं की मध्ये मोठा खंड पडे, आणि मंडळीला कळेना की "ऐक" केव्हा म्हणायचं.

तिसऱ्या महिन्यात प्रभुभोजनानंतर रणदिवे पाळकांच्या खोलीत आले. पाळकसाहेब मवाळ माणूस. कमिटीत आवाज चढले की चष्मा पुसत बसणारे.

"सिस्टरांना तुकडा घ्यायला सांगा," रणदिवे म्हणाले. "नाहीतर तो ट्रे मला देऊ नका."

"साहेब, त्या तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत."

"तेच तर म्हणतोय. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी ट्रे धरून असतो, त्यांची रांग समोर येते, त्या येत नाहीत, आणि मला वाटतं सगळी मंडळी माझे हात बघतेय."

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला नाही. ते म्हणाले, "मंडळी बघतच आहे. मीपण बघतोय."

आठवड्याभरात रणदिव्यांनी अहवाल दिला. कुणाला सोबत न घेता ते स्वतः विम्याच्या कार्यालयात गेले. तारीख, वेळ, मशीन, सेन्सर काढलेला होता, हेही त्यांनी त्यात लिहिलं. मी तो कागद पाहिला आहे. त्यात एकही मोघम शब्द नव्हता. मुक्ताचं प्रकरण मंजूर झालं. ती परत प्रेसवर गेली नाही. एका शाळेत पोळ्या करायच्या कामाला लागली. डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत ती उंडा कसा धरते, हे तिनं सिस्टरांना टेबलावर रुमालाचा गोळा करून दाखवलं. नणंदेला चाकणला काम मिळालं.

मी समजलो की गोष्ट इथं संपली. तसं झालं नाही. रणदिव्यांच्या वर्कशॉपची तपासणी लागली, काही दिवस काम थांबलं, वरच्या कंपनीनं माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. त्यांनी कमिटीचा राजीनामा दिला आणि सहकुटुंब चर्चला यायचं सोडलं. कमिटीतल्या बाकीच्यांनी ठराव केला की मध्यस्थीची प्रार्थना यापुढे पाळीपाळीनं होईल आणि तिचा मजकूर आधी दाखवावा लागेल. ती आजारी, प्रवासी, विधवा, राज्यकर्ते या क्रमावर आली. हॉल रंगकामासाठी रविवारी बंद राहील असंही ठरलं; रंग बरेच महिने लागला नाही. पाळकसाहेबांनी स्वतःच्या घराची पार्किंगची जागा रिकामी केली आणि ड्रेसिंगचं टेबल तिथं गेलं.

ठरावाबद्दल मी सिस्टरांना छेडून पाहिलं. त्यांना त्याचं फार काही वाटलेलं दिसलं नाही. "मजकूर दाखवा म्हणाले, ते बरोबरच आहे. मी ज्याचा मजकूर त्याला आधी दाखवायला हवा होता. मुक्ताला." मग टेबलावरचं बाटलीचं झाकण घट्ट करून पुन्हा उघडत म्हणाल्या, "प्रार्थनेला मध्यस्थी म्हणतात ना हो? मध्यस्थाला दोन बाजू असतात. मी एकच धरून बसले होते."

कागद हातात आल्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या प्रभुभोजनाला जातील असं सगळ्यांना वाटत होतं. मुक्ता मुद्दाम आली होती, मागे बसली होती. सिस्टर त्या दिवशी चर्चमध्येच नव्हत्या.

दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी मला त्या थेरगावला डांगे चौकातल्या सिग्नलवर दिसल्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी, स्कूटरच्या हुकला पर्स. तोंड चिंचवडच्या उलट दिशेला.

"सिस्टर, चर्च तिकडे राहिलं."

"आज इकडच्या. रणदिवे इकडच्या चर्चला जायला लागलेत."

"मुक्ताचं तर झालं ना?"

"मुक्ताचं झालं. यांचं व्हायचंय. सही त्यांनी केली, ती करायलाच हवी होती. पण त्या माणसाचं देऊळ, आपलं चर्च, सुटलं, ते माझ्यापायी. ते तसंच ठेवून तुकडा घेतला, तर तीन महिने बसून राहिले ते नाटक होतं म्हणायचं."

"बोलतात का ते?"

"पहिल्या रविवारी उठून दुसऱ्या बाकावर गेले."

"मग?"

"मग मीपण गेले."

"आणि मागच्या रविवारी?"

"मागच्या रविवारी बायकोला मध्ये बसवलं. ती म्हणाली, सलाम सिस्टर, चर्चमध्ये सगळे एकमेकांना म्हणतात तसं." त्यांनी आरशाचा कोन नीट केला. "एवढं झालंय."

सिग्नल सुटला. मागच्या बसनं हॉर्न दिला. "पेपरवाले, सरका, लोकांना कामं आहेत," म्हणत त्यांनी स्कूटर पुढे काढली. महिन्याभरात माझी दुसऱ्या शहरात बदली झाली, आणि त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्या रविवारी रणदिवे कुठं बसले, हे मी सिस्टरांना फोन करून विचारू शकलो असतो. विचारलं नाही.